ठरावातली माझी ओळ

आमची लोकर जहाजाने समुद्रापलीकडे जाते आणि टोप्या होऊन परत येते. लोकर निघते तिथेच बसून मी तीस वर्षं टोप्या करतोय, पण माझी टोपी जहाजावर चढवायची नाही, असा पलीकडच्या सरकारचा कायदा. दुकानात दोनच कारागीर ठेवायचे, हाही त्यांचाच. आम्ही पडलो वसाहतीतली माणसं! आमची डोकीसुद्धा त्यांनीच झाकायची.

तीन अर्ज धाडले. एकाचंही उत्तर नाही. मग आम्ही गावातले सगळे कारागीर माझ्या दुकानात जमलो आणि ठराव केला: जो पलीकडच्या टोप्या विकेल, त्याच्या घराशी येणं-जाणं बंद. अक्षर बरं म्हणून लिहायला मी. डोकं तापलेलं, त्यामुळे शेवटी कुणी न सांगता मीच एक ओळ जोडली: ‘नातं कितीही जवळचं असो.’

“वा! याला म्हणतात बाणा!” मोची ओरडला. मी फुगलो. सगळ्यांनी सह्या ठोकल्या.

पंधरा दिवसांत माझ्याच जावयाने आपल्या दुकानात पलीकडच्या टोप्यांची पेटी फोडली. जाब विचारला तर म्हणाला, “मामा, इथल्या टोप्या पुरत नाहीत. दोन कारागिरांत तुम्ही करणार तरी किती?” खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

लेक तेव्हा पोटुशी होती. बायको गेल्यापासून मला तिच्याशिवाय होतं कोण? घर दोन गल्ल्यांवर. नात झाल्याचा निरोप आला, मी लाकडी साचा घासत बसलो. दुसरा निरोप आला, “बाबांना म्हणावं, नुसतं दारातून बघून जा.” तरीही गेलो नाही. ज्याने ओळ लिहिली त्यानेच मोडली, तर लोक तोंडात शेण घालतील ना! पुढे निरोपच थांबले. घरात बोलायला माणूस नाही. मी साच्यांवर चढवलेल्या टोप्यांशी बोलायचो, कधी त्यांच्यावरच खेकसायचो.

असे नऊ महिने गेले. परवा शिंपीणबाई अस्तरं द्यायला आली आणि सहज बोलून गेली, “तुमची नात भारी लबाड हो. माझ्या कानातलं ओढते मेली.”

“तुम्ही जाता तिकडे?”

“म्हणजे काय! सगळेच जातात, मागच्या दाराने.” मग तिचा चेहरा उतरला. “अगंबाई, तुम्ही नाही जात?”

सह्या सगळ्यांच्या होत्या, पाळत मात्र मी एकटाच होतो! हाताला लोकर चिकटलेली, तसाच निघालो. मागच्या दाराने नाही, पुढच्या दाराने गेलो.

आत मोची, तोच बाणावाला, माझ्या नातीला मांडीवर नाचवत होता. मला बघून चपापला. शिव्या ओठांवर आल्या होत्या, पण पोरीकडे पाहून गिळल्या. दोन्ही हात पुढे केले.

“ये गं माझी बाय, आजोबांकडे ये.”

तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं, भोकाड पसरलं आणि मोच्याच्या गळ्याला घट्ट मिठी मारली.

रडणं ऐकून लेक धावत बाहेर आली. मला पाहून थबकली, डोळे भरले तिचे. पोरीची पाठ थोपटत ती हळूच म्हणाली, “वाईट वाटून घेऊ नका, बाबा. अनोळखी माणूस दिसला की रडते ती.”