उकळलेली टेप

साथ आली तशी निघूनही गेली, पण शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांच्या डोक्यातून ती हलायचं नाव घेईना. माप घ्यायची टेप ते रोज सकाळी उकळत. वर्तमानपत्रावर इस्त्री फिरवल्याशिवाय वाचत नसत, त्यामुळे घरातल्या सगळ्या बातम्या कडेने करपलेल्या.

"एकदा माझ्यावरूनही फिरवा," बायको म्हणायची, "म्हणजे चहाचा कप तरी माझ्या हातून घ्याल."

गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही, हा दुकानाचा नवा नियम. टेप काठीला अडकवून लांबूनच पुढे करायची. गिऱ्हाइकाने आपलं माप आपण घ्यायचं आणि ओरडून सांगायचं. आता स्वतःच्या पोटाला टेप लावताना श्वास सोडणारा माणूस अजून जन्माला यायचाय! थोड्याच दिवसांत मास्तरांच्या पँटी घातलेली मंडळी रस्त्यात नुसती मान हलवू लागली. बोलायला जावं तर बटण तुटायचं.

"साथीत लोक फार सुटलेत," मास्तर गंभीरपणे म्हणायचे.

लेक पलीकडच्याच गल्लीत राहायची. तिची चिमी ऐन साथीत जन्मली. लेक तिला घेऊन दुकानाच्या काचेबाहेर उभी राहायची आणि मास्तर आतून हात हलवायचे. माझ्यामुळे पोरीला काही झालं तर, असं ते सगळ्यांना सांगत. खरं म्हणजे आता त्यांना त्या एवढ्याशा पोरीचीच भीती वाटायची, आणि त्या भीतीची लाजही वाटायची. उद्या नक्की उचलून घेऊ, असं रोज ठरवायचे.

चिमीच्या पहिल्या वाढदिवसाला त्यांनी फ्रॉक शिवला. माप नजरेचं, काचेतून घेतलेलं. झालर लावली, काजं हाताने केली, आणि सकाळी दुकान उघडताच फ्रॉक बाहेरच्या कडीला अडकवून आत पळाले.

लेकीने तो तिथेच घालायला घेतला. डोकं गेलं, हात काही केल्या जाईनात. चिमीने भोकाड पसरलं. फ्रॉक तसाच गळ्यात ठेवून लेक तिला घेऊन थेट दुकानात शिरली. मास्तर मशीनमागे सरकले.

"बाबा, हा तान्ह्या बाळाचा आहे! ही केवढी झालीय, बघा तरी."

"माझ्या डोळ्यांत ती तेवढीच आहे गं."

"मग घ्या माप." तिने चिमीला कापड कापायच्या उंच टेबलावर बसवलं आणि आपण बाजूला झाली.

पोर पुढे झुकली. मास्तरांना धरावंच लागलं. त्यांनी श्वास रोखला, पोट आत ओढलं आणि टेप तिच्या छातीभोवती नेली. चिमी सरळ अंगावर रेलली. चांगली वजनदार होती. वर्षभर आपण हिला घेतलं नाही, या विचाराने मास्तरांनी तिला आणखी जवळ धरलं. तेवढ्यात तिने टेपचं टोक धरून तोंडात घातलं.

मास्तरांचा हात झटकन पुढे झाला.

"राहू द्या हो," लेकीमागोमाग आलेली बायको दारातून म्हणाली. "सकाळीच उकळलीय ना तुम्ही?"

हात थांबला. रोखलेला श्वास सुटला, पाठोपाठ पोटही.

पहिले दोन इंच चिमीच्या तोंडात होते. मास्तरांनी तिसऱ्यापासून मोजायला घेतलं.