बय्यूमीच्या दंडावरचे ठिपके

इन्साफला आधी खटकला तो साबणाचा वास.

तिचा नवरा बय्यूमी रोज दुपार कलतानाची अस्रची नमाज झाली की कॉफीखान्यात जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. त्या दिवशी तो आला ओल्या केसांनी, आणि त्याच्या मानेला गुलाबाच्या साबणाचा वास येत होता. यांच्या घरात मुलाच्या, हमदीच्या, जन्मापासून ऑलिव्हच्या तेलाचा हिरवा साबण. कॉफीखान्यात माणसं डोमिनो खेळतात, चहा पितात, सरकारला शिव्या देतात. तिथून न्हाऊन आलेला माणूस तिनं अजून पाहिला नव्हता.

विचारलं की माणसाला उत्तर जुळवायला वेळ मिळतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सख्ख्या भावाच्या दुकानातून मासा घेताना कल्ले उचलून पाहणारी ती बाई. तिनं मुलुखियाच्या पालेभाजीचं पातेलं समोर ठेवलं, भाकरी मोडून दिली आणि त्याच्याकडे बघत बसली.

मग तिला त्याचे हात दिसले. चहाचा पेला बशीवर किणकिणत होता. बय्यूमीनं तो दोन्ही हातांनी धरला, तरी चहा हिंदकळला. चेहरा लालसर झालेला, डोळ्यांत एक वेगळीच तरतरी, आणि अंथरुणावर पडल्यावर कूस बदलणं काही थांबेना. छातीत धडधडतंय का, असं तिनं विचारलं तर म्हणाला, जिने चढून आलो ना, म्हणून. जिने तो सावकाश, कठड्याला धरून चढला होता. तिनं वरून पाहिलं होतं.

महल्ला या कापडगिरण्यांच्या शहरात गिरणीतून निवृत्त झालेल्या माणसाची छाती कशी असते, हे कोणाला सांगायला नको. बय्यूमीनं सारा जन्म कापूस पिंजायच्या खात्यात काढला आणि उरलासुरला श्वास कबुतरांना दिला. गच्चीवर त्याची लाकडी ढाबळ होती, तीन मजली उंच, दुरूनही दिसायची. छातीच्या डॉक्टरांनी शेवटी सरळच सांगितलं, की पिसांची धूळ याला मारेल. तेव्हा इन्साफनं हट्ट धरला, नवऱ्याकडून शपथ घेतली, आणि गेल्या वर्षी ढाबळ उतरली. कबुतरं त्यानं तंता शहराच्या बाजारात विकली, असं तो म्हणाला. नंतर आठवडाभर तो भिंतीकडे तोंड करून जेवला.

तेव्हापासून खिशात पंप असायचा. फारच दम लागला, पंपानंही भागेना, तर कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान चालवणारी नरमीन, जिला सगळे डॉक्टरच म्हणत, त्याला इंजेक्शन द्यायची. ती काचेची कुपी उजेडात धरून पाणी स्वच्छ आहे ना ते बघायची, मोजकं औषध ओढून घ्यायची आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूला, कातडीखाली टोचायची. कुपीत उरलेलं औषध ती टाकूनच द्यायची. मग त्याला खुर्चीवर बसवून मनगट धरून राहायची. हे औषध रोजच्या आरामासाठी नाही, असं तिनं दोघांनाही बजावलं होतं. एकानं उतार पडला नाही तर थोडं थांबून दुसरं देता येतं, त्यापुढे मात्र थेट इस्पितळ. आणि टोचणाऱ्याला आधीचं सगळं सांगायचं, काही लपवायचं नाही. अम्म बय्यूमींना (काकांना ती अम्म म्हणायची) ब्लडप्रेशर आहे, हृदयावर ताण येतो.

इन्साफनं ते ऐकलं होतं. पण तेव्हा तिचं अर्धं लक्ष त्या मनगटावर होतं. पोरगी तरुण होती, अत्तर लावायची, आणि मनगट जरा जास्तच वेळ धरायची, असं तिला वाटलं होतं.

आता ते मनगट तिला पुन्हा आठवू लागलं. त्यात एके दिवशी त्याचा पायघोळ झगा, गलाबिया, धुवायला घेतली तर खिशात कापसाचा बोळा सापडला, त्यावर रक्ताचा वाळलेला ठिपका. मग निरोपाचं निमित्त काढून कॉफीखान्यात गेली. अम्म बय्यूमी इकडे फिरकलेच नाहीत बरेच दिवस, असं वाढप्यानं सांगितलं, आणि सांगताना नजर खाली वळवली.

ती तिथून तडक औषधाच्या दुकानात गेली. गिऱ्हाइकं जाईपर्यंत कफ सिरपच्या बाटल्या वाचत उभी राहिली.

"डॉक्टर, माझ्या नवऱ्याला इंजेक्शनं देतेस का तू?"

"रमजानच्या आधी दिलं होतं, तुमच्यासमोरच. नंतर नाही. का हो?"

"काही नाही. सहज विचारलं."

"हमदीच्या आई, सहज विचारायला कोणी दुकान रिकामं व्हायची वाट बघत नाही. हात थरथरतात का त्यांचे? धडधड होते? झोप येत नाही?"

इन्साफचे कान टवकारले. आपण तर अजून एक अक्षर सांगितलेलं नाही. मग हिला हे सगळं ठाऊक कसं?

नरमीन सांगत राहिली, की त्या इंजेक्शननं थोडा वेळ असं होतंच, म्हणूनच ती त्यांना बसवून ठेवते. पण वरचेवर होत असेल तर कोणीतरी त्यांना वरचेवर टोचतंय, आणि ते धोक्याचं आहे. त्यांना एकदा घेऊन या, असं ती पुन्हा पुन्हा म्हणाली. इन्साफनं मान डोलावली आणि घरी जाताना ठरवून टाकलं, की चोरी पकडली गेली म्हणून पोरगी काळजीचा आव आणतेय.

दुसऱ्या दिवशी तिनं बय्यूमीच्या पाठोपाठ घर सोडलं. काळी ओढणी पुढे ओढून, भाजीबाजारातून, कालव्यावरच्या पुलावरून, पार जुन्या गिरणीच्या चाळींपर्यंत. औषधाच्या दुकानाकडे तो वळलासुद्धा नाही. त्यानं एका चार मजली घराचं दार वाजवलं आणि दार उघडलं अवातिफनं. अवातिफ म्हणजे बय्यूमीच्या खात्यातल्या जोडीदाराची विधवा. गोरी, भरलेली, आणि नवरा जाऊन दोन वर्षं झाली तरी हातात बांगड्या.

समोर काळीज तळणाऱ्याची गाडी होती. इन्साफ तिच्याआड उभी राहिली. थोड्या वेळानं काळी पिशवी काखेत मारून एक माणूस त्याच दारातून आत गेला. तो शेहाता होता, इस्पितळातला निवृत्त वॉर्डबॉय, जो आता घरोघर जाऊन सुया टोचतो आणि ड्रेसिंग करतो. लगेच बाहेरही आला. साक्षीदार, असंच तिच्या मनात आलं. चोरून निकाह लावायचा तर साक्षीदार लागतातच. मग तिला कापसाचा बोळा आठवला आणि दुसरीच शंका आली: ही बाई माझ्या नवऱ्याला ताकदीची इंजेक्शनं टोचून घेतेय की काय? या वयात? तिला एकाच वेळी संतापही आला आणि हसूही. जाऊन दार ठोठावावं असं तिला फार वाटलं. पण दार उघडल्यावर काय दिसेल याचीच तिला भीती वाटली, आणि ती परत फिरली.

त्या दिवशीही बय्यूमी ओल्या केसांनी आला. तिनं त्याला जेवायला वाढलं आणि विचारलं, डोमिनोत कोण जिंकलं. तो म्हणाला, मी.

तीन-चार दिवसांनी शेतातला भाताचा पेंढा पेटवायला सुरुवात झाली आणि शहरावर काळा धूर उतरला. बय्यूमी तरीही बाहेर गेला. परत आला तो अर्ध्या जिन्यातच बसला. इन्साफ धावत खाली गेली. त्याचे खांदे वरखाली होत होते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, ओठ निळसर झाले होते, आणि हात नुसते थरथरत होते. पंप त्यानं पुनःपुन्हा ओढला, काही होईना. शेजाऱ्यांनी धरून त्याला नरमीनच्या दुकानात आणलं.

नरमीननं वेळ दवडला नाही. कुपी काढली, उजेडात पाहिली, औषध ओढलं. मग सुई वर धरून विचारलं, "काका, आज आधी कुठे इंजेक्शन घेतलंय का?"

बय्यूमीनं मान हलवली. नाही.

इन्साफ त्याच्या तोंडाकडे बघत होती. 'नाही' म्हणताना त्यानं डावा डोळा किंचित बारीक केला. सगळ्या जन्मात तिनं हे किती वेळा पाहिलं होतं. ढाबळीवर नवी जोडी आणली असली की असंच. आता बोलायचं तर आपण नवऱ्याचा पाठलाग केला, हे दुकानातल्या सगळ्यांसमोर कबूल करावं लागणार होतं. उद्या गल्लीभर होणार. अवातिफचं नावही निघणार.

"थांब डॉक्टर," ती म्हणाली. "खोटं बोलतोय हा. जुन्या चाळीतल्या अवातिफकडे जातो रोज. शेहाता तिथे पिशवी घेऊन येतो. मी डोळ्यांनी पाहिलंय."

बय्यूमीनं डोळे मिटले. नरमीननं सुई बाजूला ठेवली, त्याचं मनगट धरलं आणि तिचा चेहरा बदलला. तिनं बाही वर सरकवली. दंडावर जुने पिवळसर डाग होते आणि त्यांच्याजवळ दोन ताजे लाल ठिपके.

"किती वेळ झाला, काका? खरं सांगा, नाहीतर मी काही करू शकत नाही."

तुटक शब्दांत त्यानं सांगितलं. अस्रनंतर एक. धुरामुळे भागेना म्हणून थोड्या वेळानं दुसरं. शेहाता आधीच्या कुपीतलं उरलेलं जपून ठेवतो, त्यातलंच.

तिसरं मी दिलं असतं तर हृदय कुठे गेलं असतं देव जाणे, एवढंच नरमीन म्हणाली. तिनं दुकानाचं शटर तसंच अर्धवट ठेवलं, त्याला स्वतःच्या गाडीत पुढे झुकवून बसवलं आणि छातीच्या इस्पितळात नेलं. किती औषध, कुठल्या वेळी, कुठली कुपी, हे सगळं तिनं दारातच तिथल्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी नाकावर ऑक्सिजन चढवला, छातीला तारा लावल्या, सलाईन सुरू केलं. पडद्यावर हृदयाची रेघ वेड्यासारखी उड्या मारत होती. इन्साफ बाहेरच्या बाकावर बसून राहिली. नरमीननं तिला पाणी आणून दिलं, तेव्हा प्रथमच तिला त्या पोरीकडे सरळ बघता येईना.

सकाळी बय्यूमीला बोलता येऊ लागलं. इन्साफनं पहिला प्रश्न विचारला तो हाच, की निकाह कधी लावलास.

तो इतका चकित झाला की खोकत सुटला. मग म्हणाला, "कबुतरं आहेत गं. अवातिफच्या गच्चीवर. विकली नव्हती मी."

"आणि आंघोळ?"

"पिसं लागतात अंगाला. तुला कळलं असतं."

आणि सुई? वर चढलं की दम लागायचा, म्हणून चढण्याआधीच घ्यायची, असं तो म्हणाला. म्हणजे दम लागलेला नसतानाच दम्याचं औषध, मग धुळीत दोन तास, मग थरथर. इन्साफनं सगळं ऐकून घेतलं. विश्वास मात्र ठेवला नाही. ज्या माणसानं एवढं लपवलं, तो आणखी थोडं लपवू शकतो.

ती इस्पितळातून सरळ अवातिफकडे गेली. अवातिफनं दार उघडलं, तिला बघितलं आणि बाजूला झाली.

"ये. काळजाच्या गाडीमागे उभी होतीस त्या दिवशी चहा टाकला होता मी तुझ्यासाठी. आली नाहीस."

इन्साफ गच्चीवर गेली. ढाबळ खरोखरच होती. त्यातली निम्मी कबुतरं तिला नावानिशी माहीत होती. तिनं कोपरे बघितले, दारामागे बघितलं, टाकीजवळ गुलाबी साबणाची वडी, एक टॉवेल आणि नवऱ्याची जुनी चप्पल बघितली. अवातिफ हाताची घडी घालून उभी होती.

"खोलीसुद्धा बघून घे," अवातिफ म्हणाली. "पलंगाखाली बघ. तुझा नवरा मला काय कामाचा? जिना चढला की अर्धा तास नुसत्या धापा टाकतो. पिल्लांतला अर्धा वाटा माझा, त्यासाठी सहन करते. मला वाटायचं, तुला सगळं ठाऊक आहे. तो म्हणायचा तसं."

"शेहाताला कोणी बोलावलं?"

"त्यानंच. मी म्हटलं होतं, ज्याचे हात असे कापतात त्यानं शिडीवर चढू नये. ऐकतो होय?"

दोघींनी मग चहा घेतला. कबुतरं अवातिफच्या गच्चीवरच राहतील, दाणापाणी ती करेल, आणि बय्यूमीनं त्या जिन्याची पायरीसुद्धा चढायची नाही, एवढं ठरलं. शेहाताकडे नरमीन स्वतः जाऊन आली. काय बोलली कोणास ठाऊक, पण त्यानंतर तो दम्याच्या माणसांना हात लावेनासा झाला. बय्यूमीला आता रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा दुसरा पंप मिळाला आहे, आणि तो ओढताना इन्साफ समोर उभी असते. इंजेक्शनची वेळ त्या हिवाळ्यात एकदाच आली. नरमीननं आधीचं विचारलं तेव्हा त्यानं आधी बायकोकडे पाहिलं आणि मगच उत्तर दिलं.

इस्पितळातून घरी आल्यावर पहिल्या दिवशी तो उशीला टेकून पडला होता. इन्साफ भाजी निवडत होती.

"वर गेली होतीस ना," तो हळूच म्हणाला. "ती पांढरी मादी, तुऱ्याची. अंड्यांवर बसली होती. फुटली का अंडी?"

"मी नाही बघितलं," इन्साफ म्हणाली आणि देठ मोडत राहिली.

तिनं बघितलं होतं. दोन पिल्लं होती, अजून डोळे न उघडलेली. सांगेल ती, पण आज नाही. थोडे दिवस त्यालाही कळू दे, न कळणं म्हणजे काय असतं ते.