शुद्ध चवळी

आमची वहिनी बियाणे गटाची प्रमुख झाली आणि गल्लीतल्या बायकांचं डोकं खायला लागली. जुनी चवळी घरात ठेवू नका, म्हणायची. नव्यात मिसळली की वाण बिघडला. खाऊन संपवा, पेरायच्या वेळी मी शुद्ध बी देते. शेजारच्या काकूंकडे सासूच्या वेळेपासूनची चवळी होती, काळी, पांढरी, तांबडी, सगळी सरमिसळ, राख लावून मडक्यात जपलेली. वहिनीने मागे लागून तीही चुलीवर चढवायला लावली. काकू म्हणाल्या, चव होती, पण घास उतरत नव्हता.

स्वतःच्या शेतात मात्र वहिनीने जीव ओतला. वेगळ्या रंगाचं फूल दिसलं की धडधाकट झाड उपटून बांधावर. दादा नुसता धुसफुसायचा. पण बी निघालं ते असं, की ओंजळीत घेऊन बघत बसावं.

आता सरकारी लेबलाशिवाय बी म्हणजे नुसतं धान्य. परस्पर वाटलं तर गटच बाद. म्हणून पोती मोठ्या गोदामात गेली. तिथे बियांना गुलाबी विषारी औषध चोळलं आणि पोती लेबलावरच्या सहीसाठी अडली. सही करणारे साहेब परिषदेला गेले होते. विषय, लहान शेतकऱ्याला वेळेवर बी कसं पोचवावं. मी कारकुनाला विचारलं तर म्हणाला, येतील की, घाई काय आहे. जमिनीतली ओल काय त्याच्या बापाची वाट बघते?

बायकांनी शेवटी बाजारातली चवळी पेरली. ती निम्मीही उगवली नाही.

पोती आली तेव्हा ओल उडून गेली होती. मागोमाग साहेब आले, फोटो काढायला.

काकूंनी पिशवी उघडून गुलाबी दाणे बघितले आणि वहिनीला विचारलं, "आता पेरून उपयोग नाही. निदान शिजवता येतील का गं?"

"नाही काकू. विष आहे."

"मग आमचं होतं ते काय वाईट होतं? पेरायलाही चालायचं, खायलाही."

तरी काकू फोटोत उभ्या राहिल्या. नाही म्हटलं असतं तर पुढच्या वाटपात नाव गळालं असतं. साहेब म्हणाले, जरा हसा. एकदोघी हसल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी वहिनी रिकामी पिशवी घेऊन माहेरी निघाली, जुन्या चवळीचं मूठभर बी कुठे मिळतं का बघायला. मागच्या खेपेला तिथेही तिने हेच भाषण ठोकलं होतं. तिथल्या बायकांनी ते कानाआड केलं असेल, एवढ्याच आशेवर ती चालली होती.