येताना साडेतीन, जाताना दीड

सावेताच्या बकाऊहून इटलीतल्या तोरिनोला विमान अडीच तासांत पोचतं. अंतर दीड हजार किलोमीटर. पण तिकिटावरच्या वेळा बघाव्या तर येताना साडेतीन तास दिसतात आणि जाताना दीड, कारण दोन्हीकडची घड्याळं तासाभराने वेगळी. सावेताला हे कळत नव्हतं असं नाही. तरी लेकीचं तिकीट पाहिलं की तिला वाटायचं, घरी यायची वाटच लांबची, सोडून जायची जवळची.

लेक सोरिना तोरिनोत एर्सिलिया नावाच्या म्हातारीला सांभाळायची. तिकडे गेल्यापासून एकाही ईस्टरला ती घरी आली नव्हती. यंदा येते म्हणाली, तशी सावेता हरखून गेली. ईस्टरला जे एकमेकांच्या लाल अंड्यावर अंडं आपटून फोडतात, ते मेल्यावर वर पुन्हा भेटतात, अशी समजूत. नवऱ्याशी तिने दरवर्षी फोडलं होतं, त्यामुळे त्याची चिंता नव्हती. लेकीशी फोडायचं राहिलं होतं; लहानपणी ती आपलं अंडं फुटू द्यायचीच नाही.

तारीख ऐकून शेजारची झाम्फिरा फिस्सकन हसली. "अगं, हा इटलीवाल्यांचा ईस्टर. आपला यायला अजून महिना आहे, तोवर आपले उपास. पोरगी पार तिकडचीच झाली की."

चूक कळल्यावर सोरिनाने फोनवर जीभ चावली. पण एर्सिलियाचा मुलगा त्याच आठवड्यात घरी असणार, म्हणून रजाही तेव्हाच. ती तशीच आली. सावेताने तिला उपासाचा घेवडा आणि आंबवलेला कोबी वाढला. शेवटच्या दिवशी पोरीने आपणहून दोन अंडी कांद्याच्या सालींत लाल उकडली आणि एक आईपुढे धरलं.

"आई, एकदा फोडू या ना."

"देव अजून क्रुसावर चढला नाही, आणि तू त्याला उठवायला निघालीस?" सावेता म्हणाली. हिवाळाभर साठवलेल्या सालींची पुडी तिने लेकीच्या बॅगेत कोंबली. आपल्या ईस्टरला तिकडे रंगव, दोघी आपापल्या टेबलावर एकाच वेळी आपटून फोनवर फोडू, असं ठरलं.

आपल्या ईस्टरच्या दिवशी देवळातून येऊन सावेताने ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधला, अंडं हातात घेतलं आणि फोन लावला.

"अगं आई, माझं फुटलं की सकाळीच," सोरिना हसत म्हणाली. "एर्सिलियाबाईंना बघायचं होतं कसं करतात ते. त्यांचंच जिंकलं. काय खूश झाल्या म्हणून सांगू."

"दुसरं आहे का रंगवलेलं?"

"दोनच केली होती गं."

"बरं केलंस," सावेता म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाला तेवढाच विरंगुळा."

तिने फोन ठेवला. पोरीने समोर धरलेलं अंडं आपणच परतवलं होतं, याचा तिला स्वतःचाच राग आला. आता वरही पोरगी त्या म्हातारीलाच भेटणार. हातातलं अंडं तिने टेबलावर आपटून पाहिलं नाही. तसंच वाडग्यात ठेवून दिलं.