अबू फारिसची कॉफी

त्यांच्या हातातला सोनेरी खोका मी दारातूनच ओळखला. नईमच्या बेकरीतली मिठाई! ज्या बेकरीत माझ्या नवऱ्याचा, तन्नूसचा, उजवा हात गेला, तिथलाच बकलावा घेऊन हे लोक त्याची विचारपूस करायला आले होते. वर लाल रिबीन बांधलेली. जनाची नाही तर निदान मनाची तरी लाज?

रविवारी दुपारी चर्चमधून निघून तिघं तडक आमच्या दारात. पुढे अबू फारिस. बुखारेस्टमधल्या आम्हा लेबनानी लोकांच्या मंडळाचा हा अध्यक्ष. पस्तीस वर्षांपूर्वी इंजिनिअर व्हायला आला आणि इथलाच होऊन बसला. त्याच्या मागे फादर बुलुस, आणि सगळ्यात मागे नईमचा धाकटा भाऊ मुनीर, खोका छातीशी धरून. खुद्द नईम खाली गाडीत बसलेला. ज्याच्या हातून चूक झाली त्याने समेट झाल्याशिवाय तोंड दाखवायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. ती रीत त्याला बरोब्बर आठवली.

जाळी काढताना मात्र काही आठवलं नाही. कणीक मळायच्या मशीनवर जाळी असली की दर वेळी मशीन थांबवून पीठ टाकावं लागतं. ईस्टरच्या ऑर्डरी तुंबल्या होत्या, म्हणून नईमने स्वतःच्या हाताने स्क्रू सोडवून ती काढली आणि पोत्यांमागे टाकली. मी त्याच बेकरीत लाटायला असते. चार पावलांवर होते, डोळ्यांनी बघितलं. चौथ्या दिवशी तन्नूसचा हात आत ओढला गेला. ते ओरडणं अजून माझ्या कानातून जात नाही.

उद्या सकाळी नऊ वाजता लेबर इन्स्पेक्टरपुढे त्याची जबानी होती. या तिघांना एवढंच हवं होतं, की जाळी आपणच काढली असं तन्नूसने सांगावं. म्हणजे नईम मोकळा, आणि माझा नवरा आपल्याच मूर्खपणाने लुळा झाला असं कायमचं कागदावर. साक्षीदार कोण होतं असं इन्स्पेक्टरने विचारलं तेव्हा नईमने माझं नावसुद्धा घेतलं नव्हतं. आणि तन्नूस मला म्हणाला होता, "तू मध्ये पडू नकोस. आपल्याच माणसांत राहायचंय आपल्याला." आपली माणसं! मी गप्प बसले होते खरी, पण त्या गप्प बसण्याची मलाच शिसारी येत होती.

मी कॉफी ठेवली. वेलदोडा घालून, नीट तीन वेळा वर येऊ दिली. घरी आलेल्याला वाईट कॉफी देणं मला जमत नाही, तो कितीही नालायक असला तरी.

"काय रे तन्नूस, वाघ आहेस वाघ!" अबू फारिस सोफ्यात रुतत म्हणाला. "एका हाताने आमच्या दोन हातांना भारी पडशील."

मुनीर फिदीफिदी हसला. तन्नूस मांडीवर ठेवलेल्या हाताच्या बँडेजकडे बघत राहिला.

मी कप पुढे केले. अबू फारिसने आपला कप घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा समोरच्या टेबलावर ठेवला. "उम्म जाद," आमच्या रीतीप्रमाणे पोराच्या नावाने, जादची आई अशी हाक मारत तो मला म्हणाला, "हात मात्र लावणार नाही. आम्ही मागणी घेऊन आलोय. तन्नूस हो म्हणाला की मगच पिऊ. बापजाद्यांची रीत आहे."

फादरनेही कप ठेवला, मुनीरनेही. मागणी मान्य होईस्तोवर कॉफीला ओठ लावायचे नाहीत. आधीच प्यायलात तर पाहुणचार पावला, मागणी संपली, उठा आणि चालू लागा. हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मग त्याचं भाषण सुरू झालं. आपण परक्या मुलखातले, आपलं घर एकच, घरातलं भांडण इन्स्पेक्टरच्या टेबलावर कशाला? तुमच्या पोराला शाळेत कुणी घातलं? मंडळाने. आणि मधूनच, अगदी शहाजोगपणे, "तुझ्या राहण्याच्या परवान्यावर सही नईमचीच लागते, नाही का रे?"

धमकी होती ती, मखमलीत गुंडाळलेली. मी फादरकडे बघितलं. बारा वर्षं या माणसाच्या हातून मी पवित्र भाकर जिभेवर घेतली होती. त्याने डोळे मिटून घेतले.

अबू फारिस बोलतच होता. बोलून बोलून त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरा फेस जमला. आणि बोलता बोलता त्याचा हात पुढे गेला, कप उचलला गेला, आणि त्याने चांगला मोठा भुरका मारला. ऑफिसात दिवसभर मारतो तसा.

फादरचे डोळे उघडले. मुनीरचा चेहरा पांढराफटक पडला.

"प्यायलात," मी म्हणाले.

त्याने कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खो खो हसला. "अगं बाई, डोंगरातल्या खेड्यातल्या गोष्टी त्या! आता कोण पाळतं? आपण बुखारेस्टात राहतो!"

पाच मिनिटांपूर्वीची बापजाद्यांची रीत! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"बरं झालं आठवण केलीत," मी म्हणाले. "बुखारेस्टात बाईचीही जबानी घेतात. जाळी नईमने काढली. मी बघितलंय. उद्या नऊ वाजता मी ते इन्स्पेक्टरला सांगणार, तुम्ही दहा खोके आणलेत तरी."

"वहिनी, अहो, असं काय करता..." मुनीर उठला.

"तू बस रे!" अबू फारिसचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तन्नूसकडे वळून म्हणाला, "बायकोला आवर. चर्चमध्ये तुमच्या शेजारी कुणी बसणार नाही. मेलात तर खांदा द्यायला चार माणसं मिळणार नाहीत. पुरुष आहेस ना? मग बोल!"

मी तन्नूसकडे बघितलं. आता हा म्हणणार, 'वदाद, आत जा.' आयुष्यभर हा माणूस मोठ्यांपुढे मान खाली घालूनच उभा राहिलाय. तो तसं म्हणाला असता तर उद्या मी इन्स्पेक्टरकडे गेले असते, पण परत या घरात आले असते की नाही, मला खरंच माहीत नाही.

तन्नूस उठला. सावकाश चालत दारापर्यंत गेला. डाव्या हाताने वरच्या कडीशी थोडा वेळ खटपट केली. कडी हलेना. मी मदतीला पुढे झाले तर त्याने मानेनेच नको म्हटलं.

मग तो वळला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "अबू फारिस, कॉफी पिऊन झाली तुमची. तुम्हीच या आणि उघडा. मला अजून एका हाताने जमत नाही."