नीट ठेवलेला कागद

मित्रांनो, मी एक जुनी निळी फाईल आहे. माझ्या पोटात एका घराचे रक्ताचे रिपोर्ट आहेत. गेल्या मंगळवारी मी घाबरले, तशी जन्मात घाबरले नव्हते.

मला बाबांनी बनवलं. ते पुस्तकं बांधतात. जाड पुठ्ठा, कापडी पाठ, वर बांधायला फीत. आई म्हणायची, "माझ्यापेक्षा हिचेच लाड जास्त." कुणाचाही रिपोर्ट आला की बाबा तो तारखेप्रमाणे लावायचे. येणारे-जाणारे कौतुक करायचे.

त्या कौतुकानेच घात केला. आईच्या एका रिपोर्टवर क्रिएटिनिनपुढे १.६ होतं आणि शेजारी छोटी चांदणी, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, मूत्रपिंडं तो गाळतात. ती थकली की आकडा चढतो. आईला काही दुखत नव्हतं. बाबांनी कागद नीट लावला, फीत बांधली. डॉक्टरांना दाखवायचा राहून गेला. दीड वर्षाने आकडा ६.२ झाला. पुढे आईचा कागद आलाच नाही.

मग चार वर्षं मी कपाटावर धूळ खात पडले.

मंगळवारी मुलीचा रिपोर्ट आला, नव्या नोकरीसाठी केलेल्या तपासणीचा. क्रिएटिनिन ६८. आई सहावर गेली होती, आणि हे अडुसष्ट! बाबांनी कागद माझ्या तळाशी सारला आणि गाठीवर गाठ मारली. मला ओरडायचं होतं, पण फाईलला तोंड कुठलं?

मुलीने रिपोर्ट मागितला.

"ठेवलाय नीट," बाबा म्हणाले.

ती म्हणाली, "आईचाही नीटच ठेवला होतात, बाबा."

बाबा गाठी सोडायला लागले. सुटेनात, तेव्हा पुठ्ठा कापायच्या सुरीने त्यांनी फीतच कापली.

बाबांनी मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आईचा १.६ चा आणि मुलीचा असे दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. "काका, दोन लॅबची मापं वेगळी आहेत. आईची लॅब मिलिग्रॅममध्ये सांगते, ही मायक्रोमोलमध्ये. आकड्याशेजारी माप बघा, पुढे मर्यादा छापली आहे, पंचेचाळीस ते नव्वद. पोरगी ठणठणीत आहे." मग त्यांनी १.६ चा कागद उचलला. "हा तेव्हा कुणाला दाखवला होता का?"

"नाही," बाबा म्हणाले.

मित्रांनो, मला आता फीत नाही आणि नकोच. रिपोर्ट आला की आधी जाणत्या माणसाला दाखवा, मग माझ्याकडे द्या. मी कागद जपते. माणूस जपणं मला जमत नाही.