निर्जळी धाव

"दोन किलो गेले!" वजनकाट्याजवळच्या माणसाने आरोळी ठोकली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. इंदिरानगरमागच्या मोकळ्या मैदानावर एप्रिलच्या उन्हात चाळीसेक माणसं प्लॅस्टिकचं अस्तर लावलेली जाड जाकिटं घालून गोल गोल पळत होती. धावण्याआधी वजन, धावून आल्यावर वजन, आणि दर वेळी आकडा खाली. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी क्षणभर माझेही डोळे विस्फारले. खोटं कशाला सांगू?

हा सगळा प्रताप वेगनाथ महाराजांचा. "चरबी म्हणजे मागच्या जन्मीचं पाप, माउली. मी मंत्र टाकला की ते वितळतं. फक्त सूर्य मावळेपर्यंत पाण्याला शिवायचं नाही. आणि घरी काट्यावर चढायचं नाही, दृष्ट लागते." एवढं सगळं महाराज सावलीत खुर्ची टाकून, एका दमात बोलले. त्यांना कुठे पळायचं होतं? जन्मभर निर्जळी उपवास करत आलेल्या आमच्या बायकांना यात काही वावगं वाटलं नाही. दुसऱ्या सकाळी वजन पुन्हा तेवढंच भरलं की महाराज दरडावत, "चोरून खाल्लंत!" आणि बायका मान खाली घालत.

त्यांतलीच एक माझी वहिनी, छाया. गुडघ्यांसाठी वजन कमी करा, असं डॉक्टर म्हणाले आणि ही इथे येऊन पोचली. चोरीचा आळ नको म्हणून तिने जेवण निम्म्यावर आणलं, आणि कालपासून तर पाणीही सोडलं. सकाळी मनोजदादाचा फोन आला, "माझं ऐकत नाही, तूच बघ." म्हणून मी इथे आले होते.

वहिनी धावून आली, काट्यावर चढली, उतरली आणि तिथेच मटकन बसली. ओठ कोरडे ठक्क, जीभ जड. मी बाटली तोंडाला लावली तर तिने दात आवळून धरले.

"नको गं संजना. प्यायले तर सगळं परत येईल."

"दुपटीनं येईल," महाराज खुर्चीतूनच म्हणाले. सगळे नुसते बघत उभे होते. एकही जण पुढे येईना.

माझं डोकंच फिरलं. पण तिच्याशी वाद घालायला वेळ नव्हता. मी काट्यावर चढले, आकडा मोठ्याने वाचला. तिथेच उभी राहून, खाली ठेवलेली लिटरभराची दुसरी बाटली उचलून घटाघट संपवली, ती खाली टाकली आणि आकडा पुन्हा वाचला. बरोबर एक किलो वाढला होता.

"महाराज, एवढ्यात मला किलोभर चरबी चढली?"

"छे, तो पाण्याचा भार," महाराज बोलून गेले.

"मग हिचा उतरला तो कशाचा?"

मी वहिनीचं जाकीट उतरवलं आणि आतल्या कुर्त्याचा घेर सर्वांसमोर पिळला. मातीत धार लागली.

"घाम गेलाय, वहिनी. चरबी नाही. प्यालीस की वजन भरून येणार, आणि ते यायलाच हवं."

वहिनी त्या ओल्या मातीकडे बघत राहिली. मग तिने तोंड उघडलं. दोन घोट घेतले आणि रडायलाच लागली. "म्हणजे मी चोर नव्हते."

मला तेव्हा महाराजांची खुर्ची उलथून टाकावीशी वाटली. त्याऐवजी रिक्षा बोलावली. दोन दिवस सलाईन चाललं. आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती, असं डॉक्टर म्हणाले.

धावायला माझी ना नाही. हळूहळू सुरुवात करून रोज धावलात, ताटातलंही थोडं आवरलंत, तर वजन उतरतं. पण त्याला महिने लागतात, आणि ज्याचे गुडघे दुखतात त्याने आधी चालावं. तासाभरात चरबी वितळवून दाखवणारा कुणी भेटला, तर त्याच्यासमोर पोटभर पाणी प्या आणि पुन्हा काट्यावर चढा.